सिएरा नेव्हाडा : पंचेचाळीस वर्षांनंतरचा घोट

अमेरिकेत वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या आणि बिअर मन लावून पिणाऱ्या आमच्या मराठी मित्रमंडळात हल्ली एक तक्रार सतत कानावर येते : सिएरा नेव्हाडा या ब्रुअरीच्या, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कारखान्याच्या, बिअरमध्ये आता पूर्वीचा दम राहिलेला नाही. गंमत अशी, की ही तक्रार करणाऱ्या बहुतेकांनी आयुष्यातली पहिली कडू, सुगंधी बिअर याच ब्रुअरीची प्यायलेली आहे. भारतातून येताना जिभेला फक्त थंडगार, फिक्या लागर प्रकारच्या बिअरची सवय होती. 1998 साली सनीव्हेलमधल्या एका मित्राच्या घरी हिरव्या लेबलाची बाटली उघडली गेली, पपनसाची साल नखाने खरवडल्यावर येतो तसा वास ग्लासातून आला आणि बिअरला स्वतःचा वास असू शकतो, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळले. म्हणूनच ही तक्रार नुसती ऐकून सोडून देणे मला जमले नाही. गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी मी या ब्रुअरीच्या गावी, चिकोला जाऊन आलो, परतल्यावर मित्रांना बसवून ग्लास शेजारीशेजारी ठेवून पाहिले आणि त्यातून जे मत बनले ते येथे मांडतो आहे.

आज अमेरिकेत नऊ हजारांहून अधिक ब्रुअऱ्या आहेत. त्यामुळे 1980 साली उत्तर कॅलिफोर्नियातल्या चिको या कॉलेजच्या गावात केन ग्रॉसमन आणि पॉल कामुसी यांनी नेमके काय केले, याचा अंदाज नव्या पिणाऱ्याला येत नाही. 1970च्या दशकाच्या अखेरीस साऱ्या देशात शंभरही ब्रुअऱ्या उरल्या नव्हत्या आणि ज्या उरल्या होत्या त्यांतल्या बहुतेक एकाच तोंडवळ्याची लागर बनवत होत्या. घरगुती बिअरच्या साहित्याचे दुकान चालवणाऱ्या ग्रॉसमन यांनी दुग्धव्यवसायातली जुनी भांडी जमवली, ती कापून-जोडून ब्रुअरी उभी केली आणि ‘पेल एल’ या त्यांच्या हिरव्या लेबलाच्या बिअरची चव प्रत्येक वेळी सारखी येईना, तेव्हा सुरुवातीचे कित्येक घाणे विकायला न काढता ओतून दिले. कॅस्केड जातीचे हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी वेलीची फुले, त्यांनी शोधले नव्हते. ते 1972 सालीच शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले होते आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने त्यांचा उपयोगही करून पाहिला होता. मात्र त्यांचा पपनसासारखा वास रोजच्या बिअरमध्ये आणून ती वर्षानुवर्षे एकाच दर्जाने देत राहणे, हे काम सिएरा नेव्हाडाने केले. अशा छोट्या ब्रुअऱ्यांत पहिली मानली जाणारी सोनोमाची न्यू अल्बियन 1976 साली सुरू होऊन 1982 साली बंदही पडली. पहिले असणे आणि टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता चवीकडे येतो. पेल एलमध्ये मद्यार्काचे प्रमाण 5.6 टक्के आहे. रंग कोरा चहा जरा पातळ केल्यासारखा तांबूस. फेस दाट असतो आणि ग्लास रिकामा होत जाईल तसा काचेवर त्याच्या झिरझिरीत वलयांच्या खुणा उरतात. पहिला वास पपनसाच्या सालीचा, त्यामागे चिडाच्या लाकडाचा. घोट घेतल्यावर मात्र आधी जाणवतो तो माल्टचा, म्हणजे मोड आणून भाजलेल्या बार्लीचा गोडवा, तव्यावर खरपूस झालेल्या पावाच्या कडेसारखा, आणि मग कडवटपणा हळूहळू वर येऊन जिभेच्या मागच्या भागावर रेंगाळतो. हा गोडवा आणि तो कडवटपणा यांच्यातला तोल हीच या बिअरची खरी करामत आहे. हल्लीच्या अनेक आयपीएंमध्ये, म्हणजे हॉप्स भरपूर घातलेल्या बिअरमध्ये, माल्ट नावापुरता उरतो आणि सगळा भार वासावर पडतो. येथे दोघांनाही बोलू दिले जाते.

जुनी मंडळी म्हणतात की बिअर बदलली. मला तसे वाटत नाही. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी चार ग्लास नावे झाकून ठेवले : एक पेल एल, दोन नव्या स्थानिक ब्रुअऱ्यांच्या गढूळ आयपीए आणि एक पारदर्शक, कडक वेस्ट कोस्ट आयपीए. पेल एल शेवटी ठेवली होती. सर्वांत मोठ्याने तक्रार करणाऱ्या स्नेह्यांनी ती ओळखली नाही आणि “चांगली आहे, पण जरा पाणचट” असा शेरा दिला. पुढच्या शनिवारी त्याच चार बिअर ठेवल्या, फक्त पेल एल पहिली दिली. तेव्हा त्याच स्नेह्यांनी तिला त्या संध्याकाळची सर्वांत नेटकी बिअर ठरवले. आमरसाची वाटी संपवून लगेच चहा घेतला तर चहा फिका लागतो, त्यात चहाचा दोष नसतो. गेल्या पंधरा वर्षांत आमच्या जिभांनी आठ-आठ टक्क्यांच्या, आंबा-अननसाच्या वासाच्या बिअर रिचवल्या आहेत आणि पूर्वी जो कडवटपणा आम्हाला धाडसाचा वाटला होता तो आता सौम्य वाटतो. बदल झाला आहे तो येथे.

तरीही तक्रारीतला एक भाग खरा आहे, आणि तो ताजेपणाचा आहे. घराजवळच्या एका मोठ्या दुकानातून मी घेतलेल्या सहा बाटल्या दिव्यांखालच्या उबदार फळीवर उभ्या होत्या. घरी येऊन बाटलीवरची तारीख वाचली तेव्हा त्या भरून पाच महिने उलटले होते. पपनसाचा वास जवळजवळ मावळला होता आणि त्या जागी भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा मंद वास आला होता. हॉप्सचा सुगंध अल्पायुषी असतो, उष्णता आणि प्राणवायू त्याला लवकर मारतात. जी ब्रुअरी गल्लोगल्ली मिळते तिच्या वाट्याला अशा फळ्या अधिक येणार, हे उघड आहे. 2014 साली नॉर्थ कॅरोलिनातल्या मिल्स रिव्हरला दुसरी ब्रुअरी उभारल्यामुळे पूर्व किनाऱ्यापर्यंतचा प्रवास कमी झाला, पण दुकानातल्या फळीचा प्रश्न त्याने सुटत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की बाटली हातात घेतल्यावर आधी तारीख पाहावी आणि दोन महिन्यांपेक्षा जुनी पेल एल पिऊन या ब्रुअरीबद्दल मत बनवू नये.

2018 साली आलेली ‘हेझी लिटल थिंग’ ही गढूळ आयपीए आज फळीवर पेल एलपेक्षा अधिक जागा व्यापते. ती वाईट नाही, स्वच्छ बनवलेली आहे, पण तिच्यासाठी मी वाट वाकडी करणार नाही. तशा बिअर अनेक लहान ब्रुअऱ्या अधिक ताज्या आणि अधिक रसरशीत देतात. येथे सिएरा नेव्हाडा मागून आली आणि ते जाणवते. याउलट 2009 सालची ‘टॉर्पेडो’ मला अजूनही मनापासून आवडते. हॉप्सची अख्खी फुले ठासून भरलेल्या पोलादी नळकांड्यातून बिअर पुन्हा पुन्हा फिरवण्याची युक्ती त्यांनी स्वतः घडवली आणि बिअरला नावही त्या यंत्राचेच दिले.

जुन्या पिणाऱ्याने ज्यासाठी या ब्रुअरीकडे परतावे त्या बिअर मात्र दोन आहेत. पहिली ‘सेलिब्रेशन’. 1981पासून दर हिवाळ्यात येणारी ही बिअर त्या हंगामात नुकत्याच काढून वाळवलेल्या हॉप्सपासून बनते. तांबडा रंग, 6.8 टक्के, चिडाचा आणि संत्र्याच्या सालीचा वास, आणि खाली कारमेलसारखा भक्कम माल्ट. लाल लेबलावर बर्फातले घर पाहून अनेकांना ती मसाल्याची नाताळ-बिअर वाटते. तिच्यात मसाला अजिबात नाही. दुसरी 1983 सालापासूनची ‘बिगफूट’ ही बार्लीवाइन, म्हणजे भरपूर माल्टची खूप कडक बिअर. ती ताजी असताना इतकी कडू लागते की छोट्या ग्लासातूनच घ्यावी. तीन-चार वर्षे अंधाऱ्या, थंड जागी ठेवली की तो कडवटपणा निवतो आणि काकवी, खजूर, जुने लाकूड अशा चवी पुढे येतात. माझ्या कपाटात दरवर्षीच्या दोन-दोन बाटल्या असतात.

चिकोची ब्रुअरी एकदा तरी पाहावी. बंद पडलेल्या एका जर्मन ब्रुअरीतून आणलेली तांब्याची प्रचंड भांडी तेथे काचेपलीकडे चकाकतात आणि आवारभर गरम पाण्यात कालवलेल्या माल्टचा उबदार वास भरून असतो. 2018च्या नोव्हेंबरात शेजारचे पॅराडाइज गाव वणव्यात जळाले आणि 85 माणसे गेली, तेव्हा याच ब्रुअरीने ‘रेझिलिअन्स’ नावाच्या बिअरची कृती देशभर वाटली. हजाराहून अधिक ब्रुअऱ्यांनी ती बनवून विक्रीची रक्कम मदतीसाठी दिली. एका शब्दाखातर हजार स्पर्धक आपली भांडी मोकळी करून देतात, असे वजन नव्या ब्रुअरीला मिळत नाही.

अँकर 2023 साली बंद पडली तेव्हा आमच्यातल्या अनेकांनी हळहळ व्यक्त केली, पण त्यांपैकी कितीजणांनी त्याआधीच्या वर्षात तिची एक तरी बाटली विकत घेतली होती, हे मी विचारले तर दोनच हात वर आले. सिएरा नेव्हाडा अजून ग्रॉसमन कुटुंबाकडेच आहे. चिकोच्या बारमध्ये नळातून घेतलेली पेल एल आणि सोबत बव्हेरियन पद्धतीचा गरम प्रेट्झेल एवढेच मी त्या दुपारी मागवले होते. ग्लास संपल्यावर आणखी एक मागवला, तोही पेल एलचाच.