मंडळीची समुपदेशन सेवा : वचन संपूर्ण वाचणारी

घरगुती हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रियांसाठी एका मंडळीने (चर्चने) चालवलेल्या समुपदेशन सेवेचा मी काही महिने लाभ घेतला. बायबलमधील इफिसकरांस पत्राच्या ५व्या अध्यायातील, पत्नीने पतीच्या अधीन असावे असे सांगणारे २२वे वचन स्त्रीला गप्प बसवण्यासाठी अनेकदा पुढे केले जाते. येथे मात्र त्याआधीचे परस्पर अधीनतेचे २१वे वचन आणि ख्रिस्ताने मंडळीवर केली तशी प्रीती पत्नीवर करण्यास पतीला बजावणारे २५वे वचनही सोबत वाचले गेले. बायबलमधील राजा शौलाने भाला फेकला तेव्हा त्याचा सेवक दावीद पळाला, तरी वचन त्याला अविश्वासू म्हणत नाही, हे समुपदेशिकेने दाखवले तेव्हा घर सोडल्याचा माझा अपराधभाव बराच ओसरला. क्षमा करणे म्हणजे परत जाणे नव्हे, हेही तिने स्पष्ट केले. उणीव एकच, पण गंभीर : पहिल्याच भेटीत पाळकांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) आम्हा दोघांना एकत्र बसवले, आणि पतीसमोर मला खरे बोलता आले नाही.