मनोविश्लेषण: ऊर्जेचा सिद्धांत की सत्रातला अर्थ?

मनोविश्लेषण म्हणजे रुग्णाशी बोलून त्याच्या नकळत मनात चाललेलं समजून घेण्याची उपचारपद्धत. ते समजून घ्यायचं कोणत्या भाषेत, यावर दोन बाजू आहेत. पहिली तिचा जनक फ्रॉइड याची: त्याने 1915 मध्ये मनाच्या अमूर्त सिद्धांतावर बारा निबंध योजले, छापले पाचच. त्यांत मनातली ऊर्जा, तिचं दमन, तिच्या वाटा. दुसरी बाजू मनोविश्लेषक जॉर्ज क्लाइन यांची: हा डोलारा सोडा, रुग्णाच्या वागण्यामागचा हेतू आणि अर्थ धरा.

विश्लेषकाच्या, म्हणजे उपचार करणाऱ्याच्या, सुट्टीनंतर रुग्ण पन्नास मिनिटांच्या सत्राला वीस मिनिटं उशिरा आला, असं समजा. पहिली भाषा म्हणेल, कामऊर्जा (लैंगिक प्रेरणेमागची मानसिक ऊर्जा) विश्लेषकावरून काढून घेतली गेली. दुसरी म्हणेल, तो रागावलाय, पण राग दाखवला तर आपल्याला सोडून देतील ही भीती आहे. हे दुसरं वाक्य रुग्णासमोर ठेवता येतं. तो नाकारतो, दुरुस्त करतो, किंवा अचानक जुनी आठवण सांगतो. ऊर्जा मात्र मोजता येत नाही, त्यामुळे रुग्ण वेळेवर आला असता तरी तिचं स्पष्टीकरण तयारच!

म्हणून सत्रात दुसरी वाट धरावी. पण निव्वळ अर्थावर विसंबलं की प्रत्येक रुग्ण सुटी गोष्ट होतो, दोघांची तुलना करायला सामाईक चौकट उरत नाही. शिवाय सिद्धांत नाकारणाऱ्याच्या डोक्यातही एक सिद्धांत असतोच, फक्त न तपासलेला. खुद्द फ्रॉइडने 1914 मध्ये अशा कल्पनांना पाया नव्हे, इमारतीचा माथा म्हटलं होतं: इमारतीला धक्का न लावता बदलता येणारा.