आज्जीच्या कबरीचा दगड करून घेतला, त्याचा अनुभव (5 पैकी साडेतीन स्टार)

दुकानाचं नाव टाकत नाही, कारण चूक त्यांची जेवढी तेवढीच माझी पण आहे आणि माणसं काय वाईट न्हवती. बेळगाव शहराबाहेर ग्रॅनाईटची दुकानं ओळीनं आहेत बघा, त्यातलं एक. पुढं किचन ओट्याचे स्लॅब, पायऱ्या, देवघरं आणि मागच्या शेडमध्ये कबरीचे दगड. चर्चच्या मंडळीतल्या दोन-तीन जणांनी विचारलं कुठं केलास, किती पडले, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

आज्जी गेली जुलैत, भर पावसात. पाळक साहेबांचं पुस्तक भिजू नये म्हणून आत्या वर प्लास्टिक धरून उभी होती आणि गीताचा निम्मा आवाज पावसातच गेला. बाबांच्या डोक्यात होतं की महिन्याभरात दगड बसवून टाकू, पण कबर खोदणाऱ्या मामांनी सांगितलं, घाई करू नका ओ, पावसाळा जाऊ दे, माती बसू दे, नाहीतर दगड तिरका होतोय. बरोबर निघालं. ऑक्टोबरपर्यंत माती अर्धा फूट खाली गेली, परत दोन बुट्ट्या नाही तर चांगली ढकलगाडीभर लाल माती आणून भरावी लागली. तेव्हा कुणी पावसाळ्यात गेलं असेल तर आधी हे लक्षात ठेवा, दुकानवाले हे सांगत नाहीत, त्यांना ऑर्डर पाहिजे असते.

आम्ही गेलो जानेवारीत. मी, आई, बाबा आणि आजोबा. आजोबा 86 वर्षांचे, कानानं कमी पण उद्यमबागच्या फौंड्रीत पॅटर्न मेकर (ओतकामाचे नमुने घडवणारा) म्हणून आयुष्य गेलेलं, त्यामुळं दगड दाखवला की पहिला त्याच्या कडेवरून अंगठा फिरवणार. मालकाचं एक आवडलं, मार्बल मागितला तर तोच नको म्हणाला. आपल्याकडच्या पावसात पांढरा मार्बल हिरवा-काळा पडतो, अक्षरं झिजतात, मग तुम्ही मला शिव्या घालणार. आत्याला इलकलचा लालसर ग्रॅनाईट पाहिजे होता कारण आज्जीची चर्चला नेसायची इरकल त्याच रंगाची. छान दिसतो, पण त्यावर अक्षर लांबून वाचता येत नाही. शेवटी काळा घेतला, 3 फूट बाय 2 फूट, 2 इंच जाड, उशीसारखा किंचित उतरता बसवायचा. वजन पाऊणशे किलोच्या आसपास होतं, उचलायला चार माणसं धरून ठेवा.

भाव दगडाचा वेगळा आणि अक्षरांचा वेगळा. आमच्या वेळेला एका अक्षराला 40 रुपये. काना, मात्रा, वेलांटी फुकट, पण जोडाक्षर दोन धरतात, त्यामुळं ‘ख्रिस्त’ ला दोनच्या ऐवजी चार लागले आणि बाबा तिथं उभं राहून बोटं मोजायला लागले. आई म्हणाली, अहो, सासूबाईंच्या दगडावर घासाघीस करू नका. बाबा म्हणाले, तिनंच शिकवलंय. ते पण खरंच, आज्जी शनिवारच्या बाजारात कोथिंबिरीच्या पेंडीवरून दहा मिनिटं बोलायची आणि त्याच बाईला नाताळला करंज्यांचा डबा नेऊन द्यायची.

काय लिहायचं ह्यावर घरात तीन दिवस चर्चा झाली. ‘प्रेमळ पत्नी, आई व आज्जी’ हे सगळ्यांचंच असतंय. ते घेतलंच, पण खाली 23 व्या स्तोत्राची पहिली ओळ घ्यायची हे आजोबांनी ठरवलं. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’. आज्जी पहाटे पाचला गॅसवर चहा ठेवून बायबल उघडायची, चहा उतू गेला तरी ‘आमेन’ झाल्याशिवाय उठायची नाही. मग नावं घ्यायची, नातवंडांची, वयाच्या क्रमानं. कोल्हापूरची आत्या यायची असली आणि सीमेवरनं काहीतरी पेटून एसट्या बंद झाल्या की तिचं नाव पहिलं. 1956 पासून चाललेलं भांडण, आज्जी त्यात कुणाच्याच बाजूनं बोलली नाही, फक्त एसटीसाठी प्रार्थना करायची. मी बाईक घेतल्यावर माझं नाव दोनदा यायला लागलं, एकदा माझं, एकदा बाईकचं.

आणि शुद्ध मराठीसाठी भयंकर. रविवारची शाळा कितीतरी वर्षं तिनंच घेतली. वचन पाठ म्हणून दाखवलं तर पेपरमिंट, पण ‘बाल’ म्हटलं की पेपरमिंट परत. ‘बाळ म्हण, जीभ वर लाव.’

आता चूक सांगतो. अक्षरं कशी करतात तर कॉम्प्युटरवर टाइप करून स्टिकरसारख्या जाड शीटवर कापतात, ती शीट दगडाला चिकटवतात आणि वाळूचा मारा करतात, उघड्या जागेत दगड खोदला जातो, मग सोनेरी रंग भरतात. टाइप करणारा पोरगा उत्तरेकडचा, हिंदीतून टाइप करतो. पहिलं प्रूफ व्हॉट्सॲपवर आलं त्यात ‘जन्म : बेलगाम’. आम्ही सगळे हसलो, कारण आज्जीला बेलगाम म्हणणारा अजून जन्माला यायचाय. मी ‘बेळगाव’ करून पाठवलं. दुसरं प्रूफ रात्री अकराला आलं, मी फक्त तेवढीच जागा बघितली आणि अंगठा टाकून झोपलो.

आठ दिवसांनी दगड बघायला गेलो. बाबा म्हणाले छान झालाय. मी पण छान म्हणालो. आई, जी कन्नड माहेरची आहे, धारवाडची, लग्नानंतर आज्जीकडूनच मराठी वाचायला शिकली, ती वाकून म्हणाली, “हे मेंढपाल काय?”

मराठीत ळ आहे, कन्नडात ळ आहे, शेजारच्या कोकणीत पण आहे, ह्या गावात ळ चुकवणं खरं तर अवघड आहे. मालकानं लगेच मोबाईल काढून माझा अंगठा दाखवला. बरोबर आहे त्याचं. पण मी पण म्हटलं, तुम्हाला पाठवलेल्या मेसेजमध्ये ळ आहे, तुम्ही परत टाइप कशाला करता, कॉपी करा की. थोडा आवाज चढला, माझाच. नवीन दगडाचे निम्मे पैसे मागायला लागला. घासून परत पॉलिश करायचं तर अक्षरं खोल गेलेली, दगड पातळ होणार. तेवढ्यात शेडमधला म्हातारा मिस्त्री आला, त्यानं स्लॅब उभा केला, मागची बाजू बघितली आणि म्हणाला, पाठीला पॉलिश मारून तिकडं लिहू, ही बाजू सिमेंटात जाईल, कुणाला दिसणार नाही. पॉलिशचे पैसे नकोत, अक्षरांचे पण नकोत.

मला ते पटेना. आज्जीच्या अंगावर चुकीचं वचन, तेही ळ नसलेलं. सगळे गप्प. बाबा जुलैपासून एकदाही मोकळं हसले न्हवते, ते हळूच म्हणाले, “खाली तीच वाचणार की रे. लाल पेन मागंल.” आणि मग हसू आणि रडू दोन्ही एकदमच. आई पदर लावून बाहेर गेली, मालक पाणी घेऊन आला.

तसंच केलं. फेब्रुवारीत बसवला. वरची बाजू अगदी सुरेख झालीय, ह्या वेळी प्रूफ चौघांनी वाचलं आणि मिस्त्रीनं ळ ची गाठ टाकीनं स्वतः साफ करून दिली. आजोबांनी अक्षरात नख घालून खोली बघितली, “दोन मिलिमीटर आहे, चालंल.” फौंड्रीवाल्याकडून ह्याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मिळत नाही.

एक स्टार चुकीचा कापला, अर्धा त्या आवाज चढलेल्या पंधरा मिनिटांचा. दुपारी एक ते तीन फोन उचलत नाहीत. अॅडव्हान्सची पावती मागून घ्या, आपणहून देत नाहीत. मजकूर टाइप करून पाठवा आणि तोच चिकटवायला सांगा, आणि प्रूफ रात्री बघू नका.

दगडाचा खालचा निम्मा भाग मोकळा आहे. तो आजोबांनी सोडायला लावला, स्वतःसाठी. मोकळ्या जागेचे पैसे नसतात, आणि ती अक्षरं नंतर जागेवरच येऊन टाकीनं कोरून देतो असं मिस्त्रीनं सांगितलंय. घरी येताना रिक्षात आजोबा मला म्हणाले, “माझ्या वेळेला प्रूफ तुझ्या आईला दाखव.”