पॉलिमर क्लेचं पेंडंट: रेझिन ओतायचं की घोटायचं?

पॉलिमर क्ले म्हणजे ओव्हनमध्ये भाजल्यावर कडक होणारी प्लास्टिकची माती. तिचं पेंडंट भाजून गार झालं की प्रश्न उरतो चकाकीचा. वरून यूव्ही रेझिनचा, म्हणजे अतिनील दिव्याखाली घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवाचा थर द्यायचा, की ओल्या सँडपेपरने घासून शेवटी कापडाने घोटायचं? नेलपॉलिशचा सल्लाही मिळतो, पण माझं एक पेंडंट त्याने काही आठवड्यांत चिकट झालं. त्यातलं सॉल्व्हंट क्लेला मऊ करतं, म्हणून तो विषय सोडून देतो.

रेझिनची बाजू भक्कम आहे. दिव्याखाली काही मिनिटांत काचेसारखा फुगीर थर तयार होतो, बोटांचे ठसे आणि बारीक खळगे त्याखाली बुजतात. वर्ख किंवा अभ्रकाची पूड वरच्या बाजूला असेल तर घासायची सोयच नसते, कागद पहिल्या फेरीतच सगळं खरवडून नेतो. अशा पेंडंटला मी आजही रेझिनच लावतो. हातमोजे मात्र घालायचेच, कारण ओलं रेझिन वारंवार त्वचेला लागून अ‍ॅलर्जी जडू शकते.

तरी मी घोटण्याकडे वळलो तो एका तंतूमुळे. टेबल पुसा, पेंडंट पुसा, वर डबा झाका, तरी कुठून तरी कापडाचा एक बारीक धागा येऊन बसायचाच. ओल्या थरात तो दिसत नाही. दिवा बंद केला की नेमका मधोमध दिसतो, आणि फुगीर थर भिंगासारखा असल्यामुळे मोठाही दिसतो. बुडबुडा निदान आधी सुईने फोडता येतो. धाग्यासाठी कडक झालेला थर घासून काढायचा आणि पुन्हा रेझिन द्यायचं. पाचव्यांदा तसं करताना वाटलं, सँडपेपर हातात घ्यायचाच आहे तर थेट क्लेवरच का नको?

घासायला वेळ लागतो, हे खरं. मी 400 नंबरच्या सँडपेपरपासून सुरू करतो; नंबर जितका मोठा, तितका कागद बारीक. मग 600, 800, 1000 आणि हौस असेल तर 2000. मधला नंबर गाळला तर आधीच्या कागदाचे ओरखडे घोटल्यावरच उघडे पडतात. पाण्यात घासलं की धूळ उडत नाही. शेवटी जुन्या जीन्सच्या तुकड्यावर दहाएक मिनिटं. लकाकी रेझिनइतकी झगझगीत नसते, पण पारदर्शक क्लेच्या थरांतून रंग आतून वर आल्यासारखे दिसतात, आणि हाताला ते गुळगुळीत गोट्यासारखं लागतं. वापरात ओरखडा पडला तर पुन्हा 1000 चा कागद आणि जीन्स.

इतरांना रेझिन जास्त जमत असेल. धूळ नसलेली खोली असेल तर कदाचित मलाही जमलं असतं. पण पहिलंच पेंडंट असेल आणि नक्षी सपाट असेल तर घासून पाहा. कडा आधी घासा, मधला भाग नंतर. कडांवरचे ठसे सगळ्यात शेवटी जातात.