पंचतंत्राचं मराठी पुस्तक: लेकरांसाठी घेतलं, पण घरातल्या मोठ्यांनी पहिले वाचावं

पहिले चांगलं सांगते. यात गोष्टी सुट्या सुट्या तोडून टाकलेल्या नाहीत, पाचही तंत्रं, म्हणजे पाच भाग, क्रमानं आहेत, अन् विष्णुशर्म्यानं अमरशक्ती राजाच्या तीन पोरांना सहा महिन्यांत शहाणं करून दाखवतो म्हटलं, ती सुरुवातही ठेवली आहे. म्हणजे हे उद्या कारभार पाहणाऱ्यांचं शिक्षण होतं, नुसतं झोपताना ऐकायचं नाही.

बसस्टँडवरच्या पातळ पुस्तकात सिंह बैलाला मारतो अन् गोष्ट संपते. इथं दमनक कोल्हा पिंगलक सिंहाजवळ एक बोलतो, संजीवक बैलाजवळ दुसरं बोलतो, दोघांच्याही मनात भीती घालतो, ते सगळं सावकाश आलं आहे. आमच्याकडे धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण असंच वाढते. भाऊ-भाऊ समोरासमोर बोलत नाहीत, मधात निरोप नेणारा एक जण असतोच, अन् मोजणीच्या नकाशापेक्षा त्याचा शब्द जास्त चालतो.

कबुतरांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, जाळं घेऊन उडतात ती. पण पुढचं बहुतेक पुस्तकं गाळतात. हिरण्यक उंदीर चित्रग्रीव राजाचं जाळं पहिले कुरतडायला जातो तर तो म्हणतो, आधी माझ्या सोबत्यांना सोडव, मग मला. आमच्या बचत गटात वाचून दाखवलं तर बायांना हेच भिडलं, कर्ज मंजूर झालं की पहिले कोणाला द्यायचं यावरूनच तर गट फुटतात.

आता नाराजी. पाचवं तंत्र अपरीक्षितकारक, तपासल्याशिवाय काम करू नये हे सांगणारं, अन् तिथंच यांनी मुंगसाची गोष्ट बदलली. मूळ गोष्टीत मुंगूस सापाला मारून बाळाला वाचवते, बाई त्याच्या तोंडाचं रक्त पाहून न विचारता त्याला मारून टाकते, अन् मग पाहते तर बाळ सुखरूप. या पुस्तकात मुंगूस शुद्धीवर येते, सगळे खुश. लेकरांना रडू येईल म्हणून केलं असेल, पण येऊ द्या ना रडू! झाल्यावर परत फिरता येत नाही हेच तर त्या गोष्टीत आहे, ते काढलं तर राहिलं काय.

पेरणीच्या दिवसांत हे आम्हाला चांगलंच समजते. घरचं सोयाबीन पेरायचं असेल तर 100 दाणे बारदान्याच्या ओल्या तुकड्यात ठेवून पाहावे, 70 किंवा वर उगवले तर एकरी 30 किलो बियाणं पुरते, कमी उगवले तर प्रमाण वाढवावं लागते, फारच कमी असतील तर ते पेरूच नये. कृषी विभाग दरवर्षी सांगते की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, तरी पहिल्या सरीवर वावरात तिफन निघतेच, मग पाऊस दडी मारतो अन् दुबार पेरणी. विकतचं बियाणं असेल तर पक्कं बिल, पिशवी, टॅग अन् थोडे दाणे पीक निघेपर्यंत जपून ठेवा, उगवलं नाही तर तक्रारीला तेच कामी येते.

छपाई मोठी आहे, आजीलाही चष्म्याशिवाय वाचता येते. चित्रं छान. बाइंडिंग कच्चं, पानं लवकर सुटतात, शिवून घ्या. माझे पाचपैकी चार स्टार, अन् घेतलं तर मुंगसाची गोष्ट लेकरांना तोंडीच सांगा, खऱ्या शेवटासकट.