फुगणारं तारांगण, खानापूर: खेळ बघण्यासारखा, भाषण जरा आवरा

शाळेच्या हॉलात पंख्याने हवा भरून घुमट उभा करतात. रांगत आत शिरायचं, सतरंजीवर आडवं व्हायचं. विषय होता 'परग्रहावर जीव आहे का?' तिकीट पन्नास रुपये, ते वसूल झाले.

सगळ्यात भारी भाग शनीच्या एन्सेलाडस चंद्राचा. दक्षिण ध्रुवावरच्या भेगांतून बर्फ आणि वाफेचे फवारे उडतात, म्हणजे कवचाखाली खारा समुद्र आहे. कॅसिनी यान त्या फवाऱ्यांतून गेलं, त्यात कार्बन असलेले सेंद्रिय रेणू मिळाले. घुमटभर फवारा उडाला तेव्हा माझा नातू ओरडला, "आज्जा, पाऊस येतोय की वो!"

मध्येच करंट गेला. पंखा बंद, घुमट हळूहळू डोक्यावर बसायला लागला. पण सांगणारी मुलगी हुशार. टॉर्च लावून तिने १९५३ चा मिलरचा प्रयोग सांगितला: मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ, त्यात ठिणग्या, आणि अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, तयार. मात्र आदिम पृथ्वीची हवा तशीच होती का, याबद्दल आज शंका आहे, हे तिने गाळलं. मी विज्ञान शिकवलंय, त्यामुळे खटकलं.

मंगळाच्या भागात मात्र ध्वनिफीत 'जीवन सापडलंच' अशा थाटात बोलते. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानाच्या एका चाचणीचा निकाल तसा वाटला खरा, पण बहुतेक शास्त्रज्ञ ती मातीतली रासायनिक क्रियाच मानतात.

कन्नडमध्येही खेळ असतो. मराठी हवा तर आधी फोन करून सांगा. अगदी लहान पोरं अंधारात रडतात.