जुनं पुष्पक उभं करताना: दलाल, कॅटलॉग आणि अंबडचं वर्कशॉप

ओझरला एचएएल आहे, म्हणजे नाशिकमध्ये विमानाचे सुटे भाग सहज मिळत असतील, असा बाहेरच्यांचा समज असतो. तसं काही नाही. ओझरला मिग झाले, सुखोई झाले. कापडी अंगाचं, दोन आसनांचं पुष्पक बेंगळुरूचं. ते 1958 साली पहिल्यांदा उडालं आणि अशी सुमारे 160 विमानं बनली. त्याचा साधा बोल्टही मेन रोडला मिळत नाही. मग उरतात तीन वाटा: मुंबईचा दलाल, परदेशी कॅटलॉग आणि अंबड-सातपूरची वर्कशॉपं. तिघांकडचा माल, कागद आणि भाव बघून हा अभिप्राय लिहिला आहे.

दलालाला पाचपैकी एक. नाव देत नाही, कारण सगळ्यांची कोटेशनं एकाच साच्यातली असतात. एएन3-5ए हा 10-32 आट्यांचा (10 नंबरी जाडी, इंचाला 32 आटे) बोल्ट अमेरिकन कॅटलॉगात अर्ध्या डॉलरच्या आसपास मिळतो. दलालाच्या कोटेशनमध्ये तोच नगाला 380 रुपये. त्याच्या खाली प्रत्येक ओळीला वेगळा 'सर्टिफिकेट आकार', आणि सगळ्यात शेवटी 'एओजी हँडलिंग'. एओजी म्हणजे उडत्या विमानाची सेवा अडल्यावर रातोरात भाग मागवायची सोय. वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या विमानाला हा आकार लावायला हिंमत लागते, एवढं मान्य.

सर्टिफिकेट आकाराचं नीट समजून घ्या, सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. एएन, एमएस, एनएएस या अमेरिकन मानकांच्या क्रमांकाचे बोल्ट, नट, वॉशर हे प्रमाणित (स्टँडर्ड) भाग. त्यांना उत्पादकापर्यंत माग लागणारं सर्टिफिकेट ऑफ कन्फॉर्मिटी, म्हणजे माल मानकाप्रमाणे असल्याचा दाखला, पुरतं आणि ते अख्ख्या लॉटचं एकच असतं. अमेरिकेच्या विमान नियामकाचा, एफएएचा 8130-3, युरोपचा ईएएसए फॉर्म 1 किंवा आपला सीए फॉर्म 1 हे भाग वापरायोग्य असल्याचे कागद मॅग्नेटो, कार्बुरेटर, सिलिंडर अशा भागांसाठी. वॉशरच्या ओळीवर '8130 आकार' दिसला की ती ओळ सरळ काटा. याच कोटेशनमध्ये एएन960-10 आणि एनएएस1149एफ0363पी हे दोन वेगळे वॉशर म्हणून दोनदा लावलेले असतात. वॉशर एकच, दुसरा क्रमांक पहिल्याच्या जागी आलेला नवा.

सप्लायरला माल कळतो की नुसता फॉरवर्ड करतो, हे फोनवरच तपासता येतं. त्याला एएन4-9ए चा भाव विचारा. एएन बोल्टच्या लांबीचा आकडा इंचाच्या आठव्या भागात चालतो, पण -7 नंतर थेट -10 येतो आणि -10 म्हणजे एक इंच. -8 आणि -9 नसतातच. जो 'मागवून देतो शेठ' म्हणतो, त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

इंजिनाचे भाग मागताना विमानाचं नाव तोंडातून काढू नका. पुष्पकचं कॉन्टिनेंटल सी90 म्हटलं की 'दुर्मिळ' म्हणून भाव दुप्पट होतो. पण सी90 आणि सेस्ना 150 चं ओ-200 ही भावंडं आहेत. दोघांची क्षमता 201 घनइंच, आणि सिलिंडरसकट बरेच भाग सामायिक. क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, कार्बुरेटर मात्र गृहीत धरू नका. पार्ट्स कॅटलॉगमधून क्रमांक काढा आणि फक्त क्रमांक पाठवा.

एक्स्चेंजची ऑफर ऐकायला गोड असते: ओव्हरहॉल केलेला मॅग्नेटो घ्या, जुना परत करा. जुना भाग पोचेपर्यंत 'कोर' म्हणून अनामत अडकते. जुना परत पाठवायचा म्हणजे निर्यातीचे कागद, कुरियर, आणि वर मुदत. मुदत चुकली की अनामत गेली. पोचला तरी 'दुरुस्तीच्या पलीकडचा' असा शेरा मारून कापतात. तुमचाच मॅग्नेटो दुरुस्त करून मागा. मूळ डेटा प्लेट असलेला भाग हातचा घालवू नये.

पार्सल उघडल्यावर काय बघायचं? बोल्टचं डोकं भिंगाखाली धरा. मिश्र पोलादाच्या एएन बोल्टवर उठावदार फुली किंवा चांदणी असते आणि शेजारी उत्पादकाची खूण. एकच रेघ असेल तर स्टेनलेस, दोन असतील तर अ‍ॅल्युमिनियम. काहीच नसेल तर पिवळ्या झिंक प्लेटिंगचा बाजारू बोल्ट आहे, कॅडमियमसारखा दिसतो इतकंच. ओ-रिंग आणि रबरी होजच्या पाकिटावर तिमाही आणि वर्ष छापलेलं असतं, 3क्यू17 म्हणजे 2017 ची तिसरी तिमाही. दलालाकडचं 'न वापरलेलं जुनं' रबर बहुतेक वेळा इथेच पकडलं जातं. 8130-3 वर रकाना 8 मधला क्रमांक आणि रकाना 10 मधला सिरियल क्रमांक भागाशी ताडून बघा. रकाना 11 मध्ये 'इन्स्पेक्टेड' लिहिलं असेल तर ओव्हरहॉलचे पैसे देऊ नका. हा शब्दांचा खेळ फार चालतो.

परदेशी कॅटलॉग, चार. पुष्पकचं एरोंका चीफ या जुन्या अमेरिकन विमानाशी जवळचं नातं असल्यामुळे युनिव्हेअरसारख्या अमेरिकन विक्रेत्याकडे कामाचं बरंच सापडतं. विमान उडवायचं असेल तर भागाच्या पीएमए मंजुरीत (मूळ कंपनीऐवजी दुसऱ्याने तो बनवायला एफएएची परवानगी) तुमचं मॉडेल बसतं का, हे मात्र आधी विचारा. एक गुण भाड्यापायी कापला. कापडाचा हिशेब आधीच करून ठेवा. पंखांचं क्षेत्रफळ सुमारे 175 चौरस फूट, म्हणजे दोन्ही बाजू मिळून 350. 70 इंच पन्ह्याच्या पॉलिस्टरचे 20 यार्ड निव्वळ पंखांनाच जातात. जोड आणि कापातली नासाडी धरून 25 सांगा. डोप (कापड ताणून घट्ट करणारा लेप), थिनर, गोंद हे ज्वालाग्राही, त्यामुळे त्यांना धोकादायक मालाचं भाडं लागतं. ते कापडाच्या पार्सलमध्ये टाकलंत तर अख्खं पार्सल त्या दरात जातं. ऑर्डर वेगळी ठेवा आणि ती दिवाळीच्या सुमाराला पोचेल असं बघा. जूनमध्ये डबे आले तर आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत डोप पांढरा पडतो, म्हणून काम करता येत नाही, आणि तोवर डब्याची मुदत संपत येते.

कस्टम्समध्ये एक गोष्ट हमखास निसटते. 15 जुलै 2024 पासून विमानाच्या भागांच्या आयातीवर, ठरावीक अटींसह, सरसकट 5% आयजीएसटी आहे, मग एचएसएन कोड कुठलाही असो. दलाल बोल्टला हार्डवेअर ठरवून 18% लावतो. तुम्ही त्या अटींत बसता का, हे कस्टम हाउस एजंटला माल निघायच्या आधी विचारा. सहारला, मुंबई विमानतळाच्या कार्गोत, माल अडकल्यावर विचारून उपयोग नाही.

अंबड-सातपूर: प्रदर्शनात उभं ठेवायच्या विमानासाठी साडेचार, उडवायच्या विमानासाठी दीड. कारागिरी उत्तम आहे. ब्राँझचे बुश, टेलव्हीलचे ब्रॅकेट, पत्र्याचं काउलिंग हे सगळं सांगितलेल्या मापात आणि दलालाच्या भाड्याएवढ्या खर्चात होतं. घोटाळा होतो तो मालात. '4130 सीमलेस' (विमानाच्या सांगाड्याचं बिनजोड मिश्र पोलाद) म्हणून दिलेल्या नळीच्या आतून बोट फिरवा. वेल्डची उभी शिवण लागली तर ती साधी ईआरडब्ल्यू, म्हणजे पट्टी वळवून वेल्ड केलेली. शंका असेल तर तुकडा एमआयडीसीतल्या लॅबमध्ये स्पेक्ट्रोला (धातूचे घटक मोजणाऱ्या चाचणीला) द्या. क्रोमियम 0.80 ते 1.10 आणि मॉलिब्डेनम 0.15 ते 0.25 टक्के यायला हवं.

दुसरा धोका मापाचा. कंट्रोल केबल 7×19 (19 तारांचे 7 पीळ), 1/8 इंची, म्हणजे 3.175 मिलिमीटर. वायर रोपच्या दुकानात 'तीच आहे' म्हणून 3 मिलिमीटरची मिळते. डोळ्याला फरक कळत नाही. 1/8 च्या निकोप्रेस स्लीव्हवर (केबलचं टोक दाबून पक्कं करणाऱ्या नळीवर) ठरल्याप्रमाणे तीन दाब दिले की गेजही पास होतो, कारण गेज स्लीव्हचं बाहेरचं माप तपासतो. आतली बारीक केबल मात्र ताण आल्यावर सरकते. तसाच एम5 बोल्ट 10-32 च्या नटात एक-दोन आटे जातो आणि मग अडकतो. पाना लावून पुढे रेटला की दोन्ही बाद. केबल आणि स्लीव्ह कॅटलॉगातूनच मागवा, तेही फुटावर. दलालाची 'तयार केबल' कशाला?

तरीही एखादा भाग दलालाकडेच असेल, तर आगाऊ रक्कम द्यायच्या आधी सर्टिफिकेटचा स्कॅन, भागाच्या प्लेटचा फोटो आणि ओळीनुसार कोटेशन मागा. एकरकमी आकडा स्वीकारू नका. फोटो पाठवायला चार दिवस लावतो त्याच्याकडे माल नसतो; तो तुमची ऑर्डर घेऊन त्याच कॅटलॉगात जातो.